आईतवारचा हुरडा

अव्वानं फोन ठेवला तेव्हा रुपालीच्या एका हातात तेजूचा डबा होता, दुसऱ्या हातात भाजीनं माखलेला डाव, आणि मोबाइल मान तिरकी करून खांद्यावर दाबलेला. फोन बंद झाला तरी मान तशीच तिरकी राहिली. काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं, पण काय ते लगेच हाताला लागेना. बोलणं तर रोजचंच झालं होतं. बिरुदेव, तिचा भाऊ, सकाळी होटगीला कामावर निघायच्या आधी त्याच्या मोबाइलवरून अव्वा बोलते, तशीच बोलली. तुमच्याकडं पाणी आलं का, जावई बरं हायत का, तेजूचा कालचा पेपर बरा गेला का. बरा गेला, रुपाली म्हणाली. मग अव्वा म्हणाली, "हुरडा ग्वाड हुता का गं?" रुपालीच्या तोंडातून सवयीनं शब्द गेले, "हो, होता की." अव्वा म्हणाली, "बरं हाय. ठेव मग." एवढंच. डब्याचं झाकण लावताना, तेजूच्या वेणीला रबर घालताना, शाळेच्या रिक्षावाल्याला हात करताना ती त्या 'ठेव मग'पाशीच घोटाळत राहिली, आणि जिना चढून वर आल्यावर तिच्या ध्यानात आलं. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून आईचा एकही फोन 'येत्या आईतवारी ये की गं' असं म्हटल्याशिवाय संपला नव्हता. आज ते वाक्य आलंच नाही.

खरं तर त्या वाक्याकडं तिचं कधी लक्षच नसायचं. ते यायचं, ती 'बघू' म्हणायची, आणि त्या 'बघू'चा अर्थ दोघींनाही ठाऊक आहे असं धरून चालायची. परवा शनिवारीही ते आलं होतं. "येत्या आईतवारी ये की गं, हुरडा आलाय," असं अव्वा म्हणाली तेव्हा रुपाली कपाटात तेजूचा टोपीवाला स्वेटर शोधत होती, कारण रविवारी सकाळी सगळ्यांनी हुरडा पार्टीलाच जायचं ठरलं होतं, तुळजापूर रस्त्याला एका शेतात, आणि ते ठरवलं होतं तिनंच. तिनं सांगून टाकलं, "या रविवारी नाही गं जमणार, तेजूची परीक्षा आहे." पलंगावर चित्र रंगवत बसलेल्या तेजूनं मान वर केली. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "माझी कुठली परीक्षा?" "आहे एक," रुपाली म्हणाली, आणि वर "तू रंगव तुझं" असंही म्हणाली. खोटं बोलणं तिला जड गेलं नव्हतं. ते जड गेलं नाही हेच आता, रिकाम्या घरात कणकेच्या परातीसमोर उभं राहून, तिला भलतंच वाटू लागलं. पकडली गेली ती फोटोमुळं. रविवारचा फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता. असले फोटो बिरुदेवला दिसणार नाहीत अशी सोय तिनं मोबाइलमध्ये केव्हाच करून ठेवली होती, पण दिवाळीत त्यानं नंबर बदलला आणि नव्या नंबराला ती सोय लावायची राहून गेली. लपवायचं एवढं नीट ज्याला सुचतं, त्याला आपण लपवतोय हेही ठाऊक असणारच. मग 'जमलंच नाही गं' हे आपण इतके दिवस कुणाला सांगत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं कणीक उगाचच पुन्हा तिंबायला घेतली.

ती एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारताना ती तो प्रश्न उलटून पालटून बघत राहिली. टोमणा म्हणावा, तर अव्वाला टोमणा मारता येत नाही. सासूबाईंना येत असे. त्या होत्या तोवर घरातलं निम्मं बोलणं त्याच भाषेत चालायचं, त्यामुळं रुपालीचा कान तयार होता. अव्वाच्या आवाजात तसं काही नव्हतं. पण पेपर बरा गेला का आणि हुरडा ग्वाड हुता का, हे दोन प्रश्न एका दमात विचारणारं माणूस एक तर फार पोचलेलं असतं, नाही तर फार भोळं, आणि अव्वा यातली कोण हे आपल्याला इतक्या वर्षांत माहीत नसावं याची तिला लाज वाटली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, उलट त्याच्यावर रागावताही येतं. 'तुला काय माहीत माझी ओढाताण' असं म्हणून दोन दिवस फोन न करता राहता येतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. नुसतं 'बरं हाय' म्हटलेल्या माणसाचं काय करायचं? जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइल काढून तो फोटो पुसून टाकला. पुसून काही होणार नव्हतं, तरी पुसला.

गंमत म्हणजे, जवळच्या जवळ कुठं जावं हे विचारायला लोक रुपालीकडंच यायचे. सोलापुरात बघण्यासारखं आहे काय म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा तिला राग यायचा. महाबळेश्वरला जायला सगळेच तयार, पण सकाळी डबे बांधून निघावं, दिवेलागणीला घरी परत यावं आणि खिशालाही झळ लागू नये, असं ठिकाण शोधायला अक्कल लागते, असं ती म्हणायची, आणि ती अक्कल आपल्याला आहे याचा तिला अभिमान होता. कार्यालयातल्या बायका, त्यांचे नवरे, मुलं, असं एक मंडळच तिच्याभोवती जमलं होतं. कुडलच्या संगमावर बसवून तिनं सगळ्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला घातली होती, नळदुर्गच्या किल्ल्यातलं पडतं पाणी दाखवलं होतं, माळढोक दिसेल म्हणून भल्या पहाटे नान्नजच्या माळावर नेलं होतं आणि तो दिसला नाही तेव्हा हरणांवर भागवलं होतं. जीपवाल्याशी भाव करण्यात तिचा हात कुणी धरत नसे. "रुपालीताई नसत्या तर आमचे रविवार टीव्हीपुढंच गेले असते," असं शेजारच्या टेबलावरची शुभदा म्हणायची, आणि रुपालीला ते ऐकायला आवडायचं. शहराभोवतीचा सगळा मुलूख तिच्या डोक्यात होता. कुठल्या रस्त्याला सावली आहे, कुठं बायकांची सोय आहे, कुठं पोरांना पळायला जागा आहे. त्या मुलखात एकच ठिकाण नव्हतं. एकदा सगळे अक्कलकोटला निघाले असताना तिच्या गावाचा फाटा आला. तिचा नवरा रेवण पुढच्या सीटवरून मागं वळून म्हणाला, "जरा आत जाऊन यायचं का?" ती म्हणाली, "एवढी माणसं घेऊन? त्यांना उगाच त्रास." त्यांना म्हणजे कुणाला, ते तिनं सांगितलं नाही आणि रेवणनं विचारलं नाही. फाट्यावरच्या बाभळीखाली कुणी एक म्हातारी बसली होती. ती अव्वा नव्हती, तरी रुपालीनं मान दुसरीकडं वळवली होती.

असं का, हे कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. भांडण नव्हतं, वाटणीचा वाद नव्हता, भावजय स्वभावानं चांगली होती. गाव जवळ होतं, हेच काय ते. लांब असतं तर उन्हाळ्यात रजा काढून, बॅगा भरून गेली असती. जवळच्या गावाला कधीही जाता येतं, म्हणून जाणं होत नाही. हे कारण ती स्वतःला सांगायची, आणि ते खरंही होतं, फक्त पुरं नव्हतं. उरलेलं कारण नाकात होतं. अकरावीला ती शुक्रवार पेठेत मावशीकडं राहून शिकत होती. शनिवारी गावी जायची, सोमवारी सकाळच्या एसटीनं थेट कॉलेजात. अशाच एका सोमवारी मागच्या बाकावरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "कसला गं वास येतोय, बकऱ्यांचा?" रुपालीच्या मनात आधी एवढंच आलं की बकऱ्यांचा नाही, मेंढरांचा, आणि मग तिचे कान तापले. कुणी तिच्याकडं बघितलंही नव्हतं. पण तेव्हापासून गावाहून आलं की ती ओढणी नाकाशी धरून बघते, केस धुते, पिशवी उन्हात टाकते. तिच्या बापानं, मायाप्पानं, लग्नात घोंगडं दिलं होतं, आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं, विणकराच्या मागं लागून करून घेतलेलं. ते माळ्यावर गोणीत बांधून ठेवलंय, कारण बाहेर काढलं की सगळ्या घराला वास येतो. रेवणला तो कधी आला नाही. आणि रविवारी त्या हुरड्याच्या शेतात, फोटो काढायच्या कोपऱ्यात, खुंटीला घोंगडी टांगलेली होती, काठी होती, साबणानं धुतलेलं आणि गळ्यात लाल रिबीन बांधलेलं कोकरू होतं, आणि बायका एकेक करून हसत फोटो काढत होत्या. रुपालीनंही काढला. बाकीच्यांनी घोंगडी शालीसारखी खांद्यावर घेतली होती. रुपालीचे हात मात्र आपोआप गेले आणि घोंगडीची खोळ करून तिनं ती डोक्यावरून घेतली, पावसाथंडीत मायाप्पा घेतो तशी. "अय्या, तुम्हाला कसं येतं हे?" शुभदानं विचारलं. "पाहिलंय कुठंतरी," रुपाली म्हणाली. तेवढ्यात तेजूनं कोकराच्या मानेत नाक खुपसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, आजीच्या घरासारखा वास येतोय." रुपाली म्हणाली, "शू." नुसतं शू. पोरीनं कोकरू खाली ठेवलं आणि ती झोपाळ्याकडं निघून गेली. त्या शू-नंतरच्या फोटोत आपण छान हसलो होतो, हे रुपालीला आठवत होतं.

मंगळवारी जेवताना तिनं रेवणला सांगितलं, म्हणजे सगळं नाही, एवढंच की अव्वानं या वेळी ये म्हटलं नाही. रेवण चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला घरीही मोठ्यानं बोलायची सवय लागली होती. "मग जा की," तो म्हणाला. "माहेरी जायला काय पत्रिका यावी लागते का?"

"तसं नाही. तिनं बोलावलंच नाही."

"आणि इतकी वर्षं बोलवत होत्या तेव्हा?" त्यानं आमटी वाढून घेत सहज विचारलं. रुपालीला त्याचा भयंकर राग आला. त्यात त्याची चूक काहीच नव्हती आणि म्हणूनच तो राग जाता जाईना. "हळू बोला, शेजारी ऐकू जातं," एवढंच ती म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

हुरड्याची चव मात्र त्या आठवड्यात तिच्या तोंडातून जात नव्हती, आणि ती रविवारची नव्हती. तिच्या लहानपणी त्यांचं स्वतःचं रान नव्हतं. थंडीत मेंढरांचा तळ कुणाच्या तरी पडीक रानात असायचा आणि चहूकडं लोकांची ज्वारी दुधात आलेली असायची. संध्याकाळी कुठल्यातरी बांधावर धूर दिसायचा. गोवऱ्यांची आगटी पेटवून तिथं माणसं हुरडा भाजत बसलेली असायची, आणि रुपाली आणि बिरुदेव त्या धुराकडं तोंड करून उभे राहायचे. अव्वा त्यांना हाताला धरून मागं ओढायची. "बोलावल्याबिगर कुनाच्या आगटीला जायचं न्हाय," ती म्हणायची, आणि ते तिनं कधी मोडलं नाही, भूक लागली तरी नाही. मग कधी रानाची मालकीण लांबून हाळी घालायची, ये गं राजाबाई, पोरांना घिऊन ये. अव्वा लगेच उठायची नाही. दुसरी हाळी येईपर्यंत हातातलं काम करत राहायची, मग पदर नीट करून निघायची आणि आगटीपासून जरा लांबच बसायची. गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवे दाणे आधी बिरुदेवच्या आणि मग रुपालीच्या मुठीत ठेवायची. स्वतः खायची का, ते रुपालीला आठवेना, कितीही आठवलं तरी. अलीकडं बिरुदेवच्या कमाईवर त्यांनी विहिरीजवळचा थोडासा तुकडा घेतला, तेव्हा अव्वा फोनवर म्हणाली होती, "आता आपल्या आगटीला आपन बोलवायचं लोकास्नी." रुपालीनं तेव्हा 'वा' म्हटलं होतं. लोकांमध्ये पहिली आपण होतो, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तुकडा घेऊन तीन हिवाळे झाले होते आणि त्या रानात तिचं पाऊल पडलं नव्हतं. या वर्षीचा हुरडा तिनं दुसऱ्याच्या आगटीला खाल्ला होता, बोलावणं असताना आपल्या आगटीला न जाता, आणि वर तो गोड होता असंही सांगितलं होतं.

शुक्रवारी शुभदानं खुर्ची सरकवून विचारलं, "मग, या रविवारी कुठं?" माचणूर झालं होतं, संगम झाला होता. तिनं हिप्परग्याच्या तलावाचं नाव काढलं. रुपाली म्हणाली, "मला नाही जमणार, तेजूची परीक्षा आहे." या खेपेला ती खरोखरच होती, सोमवारी गणिताचा पेपर. पण ते खरं कारण नव्हतं. खरं कारण असं होतं की ती माहेरी चालली होती, आणि हे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. ते म्हटले की शुभदा विचारणार, कुठं आहे तुमचं माहेर, मग आम्ही येऊ की, किती जवळ आहे. अव्वाला चुकवण्यासाठी काढलेली परीक्षा आता अव्वाकडं जायलाही कामी आली होती. कुणाशी तरी सरळ बोलायचं तर सुरुवात कुठून करायची, हेच तिला कळेनासं झालं होतं.

रविवारी सकाळी तिनं स्कूटर काढली. तेजू मागं, पिशवीत गणिताचं पुस्तक. अव्वाला कळवलं नव्हतं. कळवलं तर ती काय म्हणेल याची भीती वाटत होती, आणि काही म्हणालीच नाही तर याची त्याहून जास्त. होटगी रेल्वे फाटकापाशी गाडीची वाट बघत उभं राहावं लागलं. तेजूनं मागून विचारलं, "आई, आजीकडं कोकरू असेल?" रुपाली म्हणाली, "असतील की. चांगली ढीगभर असतील." "त्यांचा वास घेतला तर चालेल?" पोरीनं हे अगदी साध्या आवाजात विचारलं. रुपाली पुढं बघत राहिली. मालगाडी संपता संपत नव्हती. "चालेल," ती म्हणाली, पण गाडीच्या आवाजात ते मागं पोचलं की नाही, कोण जाणे.

घर बंद होतं. शेजारणीनं सांगितलं, राजाबाई रानात हाय. विहिरीच्या वाटेला लागल्यावर लांबून ज्वारीत तेजू उभी दिसली, गुलाबी फ्रॉक घालून, दोन्ही हात पसरून. रुपालीनं दचकून मागं हात नेला, तेजू मागंच होती. तो तिचा जुना फ्रॉक होता, लहान झाला म्हणून भाचीसाठी दिलेला. काठीवर चढवून अव्वानं त्याचं बुजगावणं केलं होतं. अव्वा बांधावर काहीतरी निवडत बसली होती. स्कूटर दिसल्यावर ती उठली, डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि सरळ धावतच सुटली. या वयात तिला धावताना रुपालीनं कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं गं रूपे? जावई बरं हायत न्हवं?"

"काही झालं नाही, अव्वा. सहज आले."

"सहज?" अव्वा धापा टाकत होती. तिनं तेजूच्या गालाला, कपाळाला हात लावून बघितला, मग रुपालीच्या. "सांगितलं न्हाईस गं. माजं काळीज हाललं की." आपण न सांगता आलो म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंच या बाईला वाटलं, दुसरं काही वाटायला आपण जागाच ठेवली नाही, हे रुपालीला तिथंच, स्कूटर स्टँडला लावता लावता समजलं.

मग अव्वानं रान दाखवलं. मायाप्पा मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेला होता, बिरुदेव आणि त्याची बायको लग्नाला. विहिरीलगत ज्वारीचे तीन लहान लहान वाफे होते, आणि एका रानातले असून तिन्ही तीन रंगांचे. पहिला कापून झाला होता, नुसते बुडखे राहिले होते. दुसऱ्यातली कणसं पांढरी पडून वाकली होती. तिसऱ्याची पानं अजून हिरवट होती. रुपालीनं त्यातलं एक कणीस दाबून बघितलं, दाणा निबर झाला होता, नख लागेना.

"असं मागंपुढं का पेरलंय?" तिनं विचारलं.

"तुजं आईतवार मोकळं नसत्यात की," अव्वा म्हणाली. "समदं एकदम पेरलं तर एकदमच हुरड्याला येतंय आन् आट दिसांत निबर हुतंय. म्हनलं, थोडं थोडं मागनं पेरावं. एक आईतवार चुकला तर फुडच्याला ह्यो वाफा, त्यो बी चुकला तर ह्यो." ती बोट दाखवत चालली होती. "ह्यो पयला. तवा संगमाला जायचंय म्हनलीस. ह्यो दुसरा, तवा तुला सर्दी झाल्ती. आन् ह्यो गेल्या आईतवारी नीट दुधात हुता बग, गूळभेंडी, लई ग्वाड. तर तेजूची परीक्षा आली." सर्दी झाली नव्हती, तेव्हा माचणूरला गेले होते सगळे. अव्वाच्या चेहऱ्यावर रुपालीनं पुन्हा पुन्हा शोधलं, तिथं काही दडवलेलं नव्हतं. "तुजा बा हासतोय मला. म्हनतोय, पाखरांसाठनं पेरलंस व्हय? समद्या शिवारात हिरवं सपलं की पाखरं हितंच येत्यात. मग ही तेजू हुबी केली राखनीला."

"अव्वा, त्या रविवारी," ती म्हणाली, "आम्ही तिकडं हुरडा खायला गेलो होतो. परीक्षा नव्हती."

"व्हय की. बिरूनं फोटू दावला. खोळ झ्याक घेतलीस." अव्वा हसली. "पयलं मला वाईट वाटलं. मग म्हनलं, आसू दे, पोरीनं हुरडा खाल्ला न्हवं, कुटं का खाईना. म्हनूनच इचारलं, ग्वाड हुता का म्हनून. हितं ह्यो वाया चालल्याला, तितं तरी चांगला मिळाला का न्हाय."

"मग ये का म्हणाली नाहीस? दर वेळी म्हणतेस."

अव्वानं तिच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "काय म्हनून बोलवू? सपलं की समदं. रिकाम्या हातानं कसं बोलवायचं मानसाला?"

त्यावर रुपाली बांधावर बसली. टोमणा असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. अव्वा वाफ्यात शिरली आणि वाकून, एकेक कणीस दाबत, मागं राहिलेली काही मऊ कणसं तिनं हुडकून काढली, मूठभरच. आगटी पेटवली. तेजू विहिरीमागं कोंडून ठेवलेली कोकरं बघून आली होती, केसांत गवत, फ्रॉकला लेंड्या लागलेल्या. अव्वानं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे आधी तेजूच्या, मग रुपालीच्या हातात ठेवले. निम्मे टणक होते. रुपाली ते दाढेखाली फोडून खात राहिली. "तू घे की," ती म्हणाली. अव्वा म्हणाली, "मला दात कुटं हायत," आणि हसली, आणि रुपालीला कळलं की दात होते तेव्हाही ती खात नव्हती.

ऊन कलल्यावर रुपाली उठली. अव्वानं वाळकी बोरं पिशवीत भरली, वर थोडी मटकी टाकली. "आजच्या दिस ऱ्हा की गं," पिशवीला गाठ मारत ती म्हणाली. "तुजा बा येईल आता. सकाळच्या पारी जा."

"उद्या तेजूची परीक्षा आहे, अव्वा."

शब्द बाहेर पडले आणि रुपालीला ते ऐकू आले. ती एवढीशी झाली. खरंच आहे, गणिताचा पेपर आहे, असं आता कुठल्या तोंडानं सांगायचं, ते तिला सुचेना. पिशवीतून पुस्तक काढून दाखवावं असंही क्षणभर वाटलं. स्कूटरवर बसलेली तेजू म्हणाली, "हो आजी, या वेळी खरंच आहे."

अव्वानं गाठ पुन्हा एकदा घट्ट केली आणि पिशवी हुकाला अडकवली. "बुडवू ने परीक्षा," ती म्हणाली. "जावा. अंधार हुईल."

रुपालीनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला. "येते, अव्वा," ती म्हणाली, निघताना म्हणतात तसं, आणि गाडी सुरू न करता तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "येत्या आईतवारी येते." आईतवार हा शब्द किती दिवसांनी तिच्या तोंडात आला होता.

अव्वा गोंधळली. तिनं वळून वाफ्यांकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. "येत्या आईतवारी? येत्या आईतवारी काय न्हाय गं हितं. हरबरा बी वाळला."

"काही नको, अव्वा. काही करून ठेवू नकोस."

"काय न्हाय ठिवलं तरी येशील व्हय?"

रुपालीनं पट्टा सोडून हेल्मेट काढलं, कारण त्यातून आवाज नीट बाहेर जात नाही असं तिला वाटलं, आणि म्हणाली, "येते." अव्वानं ते ऐकलं, आणि खरं का, म्हणून तेजूकडं बघितलं.